एकाच पाण्याचे दोन आकडे

सकाळी टँकचं पाणी तपासलं तर मशीन म्हणालं पॉइंट फोर. चहा पिऊन आलो, त्याच टँकमधलं पाणी पुन्हा घेतलं, तर पॉइंट टू. म्हणजे निम्मं. मधे टँकला कोणी हात लावला नव्हता. मुलगा ट्रेनने शहरात ऑफिसला, सून हॉस्पिटलात कामावर, घरात मी एकटा. दोन मासे पंपाच्या तोंडाशी आपले गोल फिरत होते, त्यांचा काय संबंध. मी मशीनला एक शिवी घातली आणि तिसऱ्यांदा पाणी काढलं. तिसरा आकडा आणखी वेगळा आला.

हे फॉस्फेट मोजायचं मशीन. कोंबडीच्या अंड्याहून थोडं मोठं. वर झाकण, आत काचेची बाटली बसते. माशांच्या खाण्यातून आणि घाणीतून पाण्यात फॉस्फेट साठतं. जास्त झालं की शेवाळ माजतं आणि कोरल, म्हणजे समुद्रातलं जिवंत पोवळं, गुदमरतं. अगदीच संपलं तरी कोरल मरतं, कारण त्यालाही थोडं लागतंच. म्हणून आकडा खरा पाहिजे. आकडा बघून ठरवायचं, पाण्यात औषध घालायचं की काढायचं.

आणि ते कोरल माझ्या बायकोचं. ती मागच्या पानगळीत गेली. इथं पृथ्वीच्या खालच्या अंगाला ऋतू उलटे, पानगळ एप्रिल-मेमध्ये येते, हे मला एवढी वर्षं राहूनही चुकीचंच वाटतं. हॉस्पिटलात ती शेवटी फार बोलत नव्हती. जे बोलली त्यात एकदा म्हणाली, "अहो, माझ्या फुलांकडे बघा." मी म्हटलं, बघतो. आता ती फुलं माझ्या डोळ्यांसमोर मिटत चालली होती.

टँक मुळात मुलाने आणला होता. सगळे घरात कोंडलेले होते त्या काळात. खाऱ्या पाण्याचा टँक, निळे दिवे, पंप, काय काय. थोडे महिने हौस टिकली. मग ऑफिस सुरू झालं आणि टँक हिच्या गळ्यात पडला. तिने तक्रार केली नाही. बादलीत मीठ घालून पाणी ढवळायची तेव्हा म्हणायची, लोणच्याचं पाणी करतेय असं वाटतं. न्यू लिन उपनगरातल्या दुकानातून अंगठ्याएवढा कोरलचा तुकडा आणला, दगडाला चिकटवलेला. त्यावर शर्टाच्या बटणाएवढी पाच-सहा फुलं होती, मधे हिरवी, कडेने केशरी. दुकानदार त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव सांगायचा. ही फुलंच म्हणायची. ती वाढवत वाढवत तिने अख्खा दगड भरवला.

मासे दोन, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. दुकानदाराने तिला सांगितलं की ह्या जातीत मोठी असते ती मादी, लहान तो नर, आणि सगळं तिच्या मर्जीने चालतं. झालं. त्या दिवसापासून रोज जेवायला बसलं की मला टँककडे बोट दाखवायची. "बघा, कसा गुपचूप मागेमागे फिरतोय. शिका जरा."

तिच्या वेळी मशीन नव्हतं. पाण्यात थेंब टाकायचे, पाणी निळं व्हायचं, आणि कागदावरच्या निळ्या चौकोनांशी ताडून बघायचं. ती कागदाकडे बघायचीच नाही. नळी खिडकीशी धरायची आणि साड्यांच्या दुकानात बसल्यासारखी सांगायची. "आज फिकट आस्मानी आहे, काही करायला नको." नाहीतर, "अहो, चिंतामणी रंग आला की, माशांना खायला कमी घाला." आणि तिचं बरोबर असायचं, कारण फुलं उमललेली असायची.

मला ते जमेना. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. एका डोळ्याने आस्मानी, दुसऱ्याने मळकट. मग मुलाने मशीन आणलं. म्हणाला, "अप्पा, ह्यात रंग बघायचा नाही, सरळ आकडा येतो. लहान मूलही करेल."

लहान मूल करेल, मग मी का नाही? मी सातवीपर्यंत शिकलो, पण सबंध आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, साताऱ्याच्या डेपोत. मापं मला नवी नाहीत. बाटलीत टँकचं पाणी रेघेपर्यंत भरायचं, मशीनमध्ये घालायची, बटण दाबायचं. त्या साध्या पाण्याला मशीन शून्य धरतं. मग बाटली बाहेर काढून त्यात मशीनबरोबर येणाऱ्या पावडरची पुडी ओतायची, फॉस्फेट असेल तेवढं पाणी निळं होतं, झाकण लावून हलवायची, परत आत घालायची, बटण दाबून थांबायचं. आकडा येतो. आत घालायच्या आधी दर वेळी बाटली बाहेरून पुसायची. हे मशीनच्या कागदावर लिहिलंय असं मुलगा म्हणाला, पण ते मला कोणी सांगायला नको होतं. डेपोत इंजिनचं ऑइल बघायची काठी आधी पुसल्याशिवाय कोणी आकडा सांगितला तर हेडमेकॅनिक तीच काठी पाठीत घालायचा.

टँकच्या बाजूला खुंटीवर एक फडकं आहे. हिच्या सुती साडीचा तुकडा. टँकचं काम झालं की ती त्याला हात पुसायची. त्यानेच मी बाटली पुसायचो, चांगली घासून.

आकडा पॉइंट वनच्या आत हवा, माझा पहिल्या वेळेपासून जास्त. दुकानातून औषध आणलं. औषध म्हणजे जाळीच्या पिशवीत तपकिरी दाणे. चिमटीत धरून बघितले तर गंज. खरंच गंज, लोखंडाचा. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, हो, आयर्न. गंज फॉस्फेट ओढून घेतो म्हणे. मी जन्मभर बसच्या पत्र्याचा गंज खरवडला आणि म्हातारपणी इकडे येऊन गंज टाकून पाणी साफ करतोय. हिला सांगायला पाहिजे होतं, ती हसली असती.

गंज टाकला. आकडा कधी खाली, कधी वर. वर आला की मी आणखी गंज टाकायचो. आणि फुलं दिवसेंदिवस बारीक होत गेली. आधी केशरी कड गेली, मग हिरवा रंग विटला. सकाळी दिवे लागले की उमलायची ती दुपारपर्यंत मिटूनच बसायला लागली.

एकदा सून म्हणाली, "अप्पा, पुडी पूर्ण ओतता का? कोपऱ्यात पावडर राहते." ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, दिवसभर औषधंच मोजते. बघितलं तर खरंच राहत होती. मग पुडी नीट कापून, टिचकी मारून ओतायला लागलो. दुसऱ्यांदा तिने सांगितलं, बाटली जोरात हलवली की काचेला बुडबुडे चिकटतात, सावकाश फिरवा. तेही केलं. आकडे थोडे शहाणे झाले, पण विश्वास ठेवावा असे नाहीत. थंडीच्या सकाळी तर फारच उड्या मारायचे. हीटर लावून खोली गरम झाली की जरा शांत व्हायचे. मला वाटलं मशीनलाही थंडी वाजते.

शेवटी दुकानदारालाच म्हटलं, तू तपास. जॅमच्या बरणीत पाणी भरलं आणि बस पकडून न्यू लिनला गेलो. दुकानदार गोरा आहे, पन्नाशीचा, कडाक्याच्या थंडीतही हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला. आत शिरलं की "किया ओरा, मेट" म्हणतो, इथला रामराम. ही गेल्याचं कळलं तेव्हा त्याने काउंटरच्या बाहेर येऊन माझा हात धरला होता. म्हणून मी दुसऱ्या दुकानात जात नाही.

त्याने पाणी तपासलं. त्याचंही मशीन माझ्यासारखंच. म्हणाला, जवळजवळ काहीच नाही. झिरो.

मी म्हटलं, "नो. माय मशीन पॉइंट फोर."

"नाह, मेट. झिरो."

"युअर मशीन बॅड."

तो हसला. म्हणाला, माझं मशीन रोज दहा लोकांचं पाणी तपासतं. मी तिथंच मराठीत काहीतरी पुटपुटलो आणि बरणी उचलून निघालो. बसमध्ये विचार करत होतो की हा मला खोटं का सांगेल? आकडा जास्त आहे म्हणाला असता तर औषध खपलं असतं. झिरो सांगून त्याचं काय भलं? पण घरी येऊन तपासलं तर माझं मशीन पुन्हा म्हणालं पॉइंट थ्री. आता घरच्याला खरं मानायचं की बाहेरच्याला? मी घरच्याला मानलं. पिशवीत आणखी गंज भरला.

त्या आठवड्यात दगडाच्या एका बाजूची फुलं पांढरी पडली.

रात्रीच्या जेवणाला मुलाने विषय काढला. आमटी-भात होता. भाताचा घास हातात धरूनच तो बोलला.

"अप्पा, मी दुकानवाल्याला फोन केला होता. तो टँक न्यायला तयार आहे. मासे, दगड, सगळं. पुढच्या रविवारी येईल."

"मला न विचारता?"

"विचारतोच आहे ना आता."

"हे विचारणं झालं? रविवार ठरवून आलास."

"त्याच्याकडे निदान जगेल तरी ते."

"माझ्याकडे मरतंय, असं सरळ म्हण ना."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलास? परत म्हण."

सून म्हणाली, "दोघंही आधी जेवा. आमटी गार होतेय."

मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "अप्पा, तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या टँकसमोर बसलेले असता. फिरायला जात नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला येत नाही. आई असती तर तिला आवडलं असतं का हे?"

मी म्हटलं, "आई असती तर फुलं मेली नसती," आणि उठलो. ताटात भात तसाच. आमच्याकडे ताटावरून असं उठत नाहीत. ही असती तर मला हाताला धरून परत बसवलं असतं.

मुलाचं चुकत होतं असं नाही. त्यालाही ती फुलं मरताना बघवत नव्हती, एवढंच. पण मला रविवार दिसत होता. दुकानदार हाफ पँटीत येईल, बादल्यांत मासे घालील, दगड उचलील, आणि तिथं भिंतीला नुसता चौकोनी डाग राहील.

शनिवारी सुनेला सुट्टी होती. मी टँकपाशी मशीन मांडून बसलो तशी ती चहाचा मग घेऊन आली आणि स्टूल ओढून बसली.

"तुम्ही करा. मी नुसती बघते."

"परीक्षा घेतेस काय?"

"हो. नापास झालात तर परत सातवीत बसवणार."

मी हसलो नाही, पण राग थोडा उतरला. पाणी भरलं. खुंटीवरचं फडकं काढून बाटली पुसली, आत घातली, बटण दाबलं. बाहेर काढली. पुडी ओतली, सावकाश फिरवली. परत पुसली. परत आत. आकडा आला पॉइंट थ्री.

ती म्हणाली, "परत करा."

परत केलं. या वेळी मशीनने शून्य दाखवलं आणि आकडा लुकलुकायला लागला, म्हणजे शून्याच्याही खाली.

"बघ," मी म्हटलं. "हे असं. शून्याच्या खाली काय असतं पाण्यात?"

तिने माझ्या हातातून बाटली घेतली आणि खिडकीशी नेली. तिरपी करून उजेडात धरली. "अप्पा, इकडे या. चष्मा लावून."

काचेवर ओरखड्यासारख्या पुसट पांढऱ्या रेघा होत्या. एका जागी माझ्या अंगठ्याचा ठसा, जाड. मी नखाने खरवडलं तर मेणासारखं काहीतरी आलं.

तिने फडकं उचललं आणि नाकाशी नेलं. फडकं खाली ठेवलं, परत उचललं.

"आईंचं तेल आहे हे," ती म्हणाली.

मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला माहीत असेल असं वाटलं नव्हतं. ही रोज केसांना खोबरेल लावायची, आणि तेलाचे हात कधी पदराला, कधी ह्या फडक्याला पुसायची. फडक्याला तिचा वास आहे. सुनेने एकदा ते धुवायच्या मशीनमध्ये टाकायला घेतलं होतं तेव्हा मी तिच्यावर खेकसलो होतो. का, ते सांगितलं नव्हतं. टँकचं काम करताना ते नाकाजवळ यायचं, म्हणून तर मी दिवसातून इतक्या वेळा पाणी तपासायचो. हे मी मुलाला सांगणार होतो का जेवताना?

मी म्हटलं, "तेल असलं म्हणून काय झालं? मी बाहेरून पुसतो. आत पाण्यात थोडंच जातं?"

"आत नाही जात. पण मशीन काचेतून आरपार उजेड सोडतं. पलीकडे उजेड कमी पोचला की त्याला वाटतं पाणी निळं झालं. तुम्ही शून्य करताना एकदा पुसता, मोजताना परत पुसता. दोन्ही वेळा तेल कमी-जास्त..."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. रात्रपाळीच्या गाडीचं हेडलाइट ग्रीसच्या हाताने पुसलं की ड्रायव्हर आमच्या सात पिढ्या काढायचा. काच आम्हाला स्वच्छ दिसायची, आणि घाटात त्याला रस्ता दिसायचा नाही. हे मी हजार वेळा ऐकलंय. आणि ऑइलची काठी? ती तेलकट चिंधीने पुसली तरी चालतं, कारण मुळात तेलच बघायचं असतं. मी काठीची सवय काचेला लावली. थंडीत खोबरेल थिजतं, म्हणून सकाळी आकडे जास्त नाचायचे. मशीनला थंडी वाजत नव्हती. दुकानदार खोटं बोलत नव्हता.

आम्ही बाटली कोमट पाण्याने धुतली. मी भांडी घासायचं लिक्विड घ्यायला गेलो तर ती म्हणाली, नको, त्याचंही काहीतरी काचेवर राहतं. तिने स्पिरिट लावून बाहेरून पुसलं, मग टँकच्याच पाण्याने आतून दोनदा विसळलं. मी माझे हात धुतले. बाटली फक्त झाकणाला धरायची, काचेला बोट लावायचं नाही. पुसायला चष्म्याचं कोरडं फडकं, नवीन. बाटलीवरची खूण दर वेळी समोरच ठेवायची, म्हणजे उजेड काचेच्या त्याच जागेतून जातो.

पॉइंट झिरो टू.

परत केलं. पॉइंट झिरो थ्री.

परत. पॉइंट झिरो टू.

तेवढा फरक राहणारच, ती म्हणाली, मशीनच्या कागदावरच तसं लिहिलंय. मी खाली बसलो. एवढे महिने मला एक आकडा खरा हवा होता, तो आला तो असा. पाण्यात काही नव्हतंच. मी गंज टाकून टाकून फुलांच्या तोंडचा घास काढून घेत होतो.

गंजाची पिशवी तिथल्या तिथं बाहेर काढली. फडकं मी परत खुंटीला लावायला गेलो तर ती म्हणाली, "थांबा."

"मी धुणार नाही ते."

"धुवा असं कोण म्हणतंय?" ती आत गेली आणि औषधं ठेवायची जाड झिपची पिशवी घेऊन आली. "ह्यात ठेवा. हवा काढून तोंड बंद करायचं. उघडं टांगलं तर वास उडून जाईल. आणि निम्मा तर तुम्ही काचेला पुसून टाकलात."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फडक्याची घडी केली. तिने पिशवी उघडी धरली, दुसरीकडे बघत.

मुलगा बाजारातून आला तेव्हा तिनेच त्याला सांगितलं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. सगळं ऐकू आलं नाही. बाहेर येऊन तो टँकसमोर उभा राहिला. मग म्हणाला, "करून दाखवा ना मला." मी करून दाखवलं. पॉइंट झिरो थ्री. त्याने दुकानदाराला फोन लावला आणि माझ्याकडे दिला.

"सॉरी," मी म्हटलं. "युअर मशीन गुड. नो कमिंग संडे."

पलीकडून आवाज आला, "स्वीट ॲज, मेट." इथं त्याचा अर्थ, काही हरकत नाही. वर म्हणाला, माशांना खायला हीप्स, भरपूर घाल.

पांढरी पडलेली बाजू परत आली नाही. त्या जागी आता दगड दिसतो. दुसऱ्या बाजूची फुलं सावकाश सुधारली, आधी हिरवी झाली, मग खूप उशिरा केशरी कड आली. मुलगा ऑफिसहून आला की बूट काढता काढता विचारतो, "किती?" मी सांगतो. आकडा आता सांगण्यासारखा असतो. मी रोज तपासत नाही, आठवड्यातून एकदा पुरतं. मधल्या सकाळी फिरायला जातो. पिशवी कपाटात आहे. फार क्वचित उघडतो, आणि लगेच बंद करतो.

आज पॉइंट झिरो सेव्हन आलं. दुकानदाराच्या मते छान. बाटली सिंकमध्ये ओतायच्या आधी मी झाकणाला धरून खिडकीशी नेली, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बघितली. रंग होता, जेमतेम. फिकट आस्मानी. काही करायला नको.